आधी कार्ड, पगाराचं मग बघू

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून 34 वर्षांच्या भावाचं पत्र आलं आहे. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, घरची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. धाकटी बहीण 22 वर्षांची. जन्मली तेव्हा उशिरा रडली, चालायला-बोलायला उशीर झाला. चौथीपर्यंत शाळेत बसवली, पण अक्षर लागलं नाही. अधूनमधून फिट येते, गोळ्या चालू आहेत. भांडी घासते, अंगण झाडते, नोटा रंगावरून ओळखते. पण एकटीला वेशीबाहेर सोडता येत नाही. तिचं दिव्यांगाचं सर्टिफिकेट घरच्यांनी कधी काढलंच नाही. आता आईचे गुडघे गेले आहेत आणि मुलीला अंघोळ घालणंसुद्धा तिला जड जातं. गावातला एजंट म्हणतो, "आठ हजार द्या, 80 टक्के करून देतो, निराधारचा पगार लगेच चालू." वडील माळकरी. ते म्हणतात, "आपण काय निराधार हाव का? सरकारच्या दारात लेकरू कामून उभं करायलास?" धाकट्या भावासाठी मुली बघणं चालू आहे आणि आईला भीती अशी, की कागद झाला की घराला शिक्का बसेल, सोयरीक जमणार नाही. भाऊ विचारतात: पगार घ्यावा का? एजंटाला पैसे द्यावेत का? आणि वडलांचा शब्द मोडावा का?

दादा,

तुमच्या पत्राचा बराचसा भाग निराधारच्या पगारावर खर्ची पडला आहे. घरातलं भांडणही त्यावरच आहे असं दिसतं. म्हणून आधी तेच सांगते. हा पगार तुमच्या बहिणीला मिळेलच असं नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. चार एकर कोरडवाहू आणि वर एक चालतं दुकान. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्या आकड्याच्या आत खरोखर बसतो का, हे तुम्हालाच ठाऊक. पण बसत नसेल, तर तुम्ही आणि वडील ज्या गोष्टीसाठी दोन महिने बोलत नाही आहात, ती गोष्ट ताटात वाढलेलीच नाही.

आणि ज्या गोष्टींना उत्पन्नाची अटच नाही, त्यांचं नावसुद्धा तुमच्या पत्रात नाही. माझा सगळा भर आज त्यांच्यावर आहे.

पण थांबा, या मर्यादेबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. दिव्यांग माणसाला मात्र पन्नास हजारांच्या आत राहायचं. ज्या घरात एक माणूस कायम सांभाळावा लागतो, तिथं खर्च जास्त की कमी? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर असं म्हटलं आहे, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच मदतीपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी. मर्यादा वाढवायला हवी, यात मला शंका नाही. तोवर खोटा दाखला काढा असं मात्र मी म्हणणार नाही. पुढे कधी तपासणी झाली तर पैसे भरायची वेळ तुमच्यावर येईल, दाखला मिळवून देणाऱ्यावर नाही.

आता एजंट. "80 टक्के करून देतो" हे वाक्य त्यानं तुमच्या बहिणीला न बघताच टाकलंय. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी टप्प्यानं धरतात: सौम्य असेल तर 50, मध्यम 75, तीव्र 90 आणि अतितीव्र 100. तुमच्या वर्णनावरून ती मध्यम टप्प्यात असावी. खरा टप्पा तपासणीतच कळेल. या तक्त्यात 80 हा आकडाच नाही. दुसरं एखादं दिव्यांगत्व जोडीला असलं आणि दोन्ही एकत्र मोजली, तर गणित बदलतं, पण ते सरकारी दवाखान्यातला डॉक्टरांचा बोर्ड ठरवतो. शिवाय 80 कशाला हवेत? राज्याच्या योजनांचा दरवाजा 40 टक्क्यांना उघडतो. 80 ची अट लागते ती केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला. ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे आणि केंद्राचा त्यातला वाटा महिन्याला 300 रुपये. तीनशेसाठी आठ हजार! आणि खोटी टक्केवारी दाखवून दिव्यांगांचा लाभ घेतला तर त्याच 2016 च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. ज्या कामाचे तो आठ हजार मागतो त्याच्या अर्जाला सरकारी फी नाही. दिव्यांगाचं सर्टिफिकेट आणि कार्ड, दोन्हीसाठी स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर अर्ज करायचा. तुम्ही मोबाईल दुरुस्त करता, तुम्हाला हे घरबसल्या जमेल. नाहीतर महा ई-सेवा केंद्रात भरून घ्या. आधार, फोटो आणि जुने दवाखान्याचे कागद लागतील. पहिल्यांदा फिट आली तेव्हाची चिठ्ठी कुठे ट्रंकेत असेल तर तीसुद्धा काढा.

मग बोर्डाचा दिवस. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथंच गडबडतात. सिव्हिलला ठरलेल्या वारी तपासणी असते. बाहेर बाकडी कमी आणि माणसं जास्त असतात. हातात एक्स-रेची पाकिटं, कुणी पाठीवर घेऊन आलेलं, कुणी व्हीलचेअरवर. तुमच्या बहिणीच्या तपासणीत सुईबिई काही नाही. मानसशास्त्रज्ञ तिला ठोकळे लावायला देतील, चित्रं दाखवतील, साधे प्रश्न विचारतील. पण निम्मी तपासणी आईची असते. वेणी ती स्वतः घालते का? पाळीच्या दिवसांत कपडा स्वतः बदलते का? गरम दूध समोर आलं तर फुंकर मारून पिते का? दुकानातून वस्तू आणायला पाठवलं तर उरलेले पैसे परत आणते का? या उत्तरांवरून तिचं सामाजिक वय, म्हणजे रोजच्या व्यवहारात ती किती वर्षांच्या मुलाइतकी आहे ते, काढतात आणि त्यावर टक्के ठरतात.

इथं आया दोन तऱ्हेनं चुकतात. एक आई अभिमानानं सांगते, "सगळं करती माझी लेक." दुसरी एजंटाचं ऐकून सांगते, "काहीच येत नाही." समोरचा माणूस रोज हेच काम करतो, त्याला दोन्ही कळतं. तुमच्या आईला एवढंच सांगा, की रोजच्या साध्या दिवशी, कुणी मागं लागलं नाही तर ती जे करते तेवढंच सांग. भांडी घासते पण साबण किती घ्यायचा ते सांगावं लागतं, हेही सांग. त्या दिवशी सकाळची फिटची गोळी चुकवू नका, उशीर होईल म्हणून घरचं खायला बरोबर ठेवा. आणि बहिणीला आदल्या दिवशी सांगा, कुठे जायचं आहे, तिथं गर्दी असेल, कुणी टोचणार नाही. तुमच्या पत्रात सगळे तिच्याबद्दल बोलतात, तिच्याशी कुणी बोललेलं दिसत नाही.

टक्के कमी पडले असं वाटलं तर अपील करता येतं, तशी सोय कायद्यात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ नसेल आणि तिचे उपचार दुसरीकडे, समजा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालयात किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात चालू असतील, तर उपचार चालतात तिथल्या सरकारी रुग्णालयातही अर्ज करता येतो.

कार्ड आलं की काय काय होतं?

तिला फिटच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला लागतात, म्हणून आधी निरामय सांगते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेचा हा आरोग्य विमा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात दवाखान्यात भरती न होता घेतलेले उपचार, औषधं, थेरपी हेही येतं, हे त्याचं मोठेपण. आधीचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, आधी तपासण्या करून घ्या म्हणत नाहीत. उत्पन्नाची मर्यादा नाही. दारिद्र्यरेषेखालच्यांना नोंदणीला 250 रुपये, इतरांना 500, मग दरवर्षी नूतनीकरण. मात्र पैसे आधी खिशातून जातात, बिलं पाठवल्यावर परत येतात. तेव्हा मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल घ्यायची सवय लावा. आपल्याकडे ती नाही, "लिहून घ्या" म्हणतो आणि निघतो.

मग एसटी. दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आणि 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही 50 टक्के. गंमत अशी, की 2023 पासून बायकांना एसटीत तसंही अर्धंच तिकीट आहे. त्यामुळे आई सोबत गेली तर सोबत्याच्या सवलतीचा वेगळा फायदा नाही. तुम्ही किंवा वडील गेलात तर आहे. आईच्या गुडघ्यांचा विचार केला तर दवाखान्याच्या फेऱ्या आता पुरुषांनी वाटून घेतलेल्या बऱ्या. रेल्वेत बौद्धिक दिव्यांगत्वाला स्लीपर आणि थ्री एसीतसुद्धा 75 टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. परभणी जंक्शनवरून हैदराबादला किंवा संभाजीनगरला जाणाऱ्या घराला ही लहान रक्कम नाही.

ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो मागा, पण अपेक्षा बेतानं ठेवा. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून समजा दोन लाख जमले, तर पाच टक्के म्हणजे दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी पाचशे. तरी मागायचं ते यासाठी, की मागितल्याशिवाय गावात दिव्यांग किती आहेत याची यादीच होत नाही. अठरा वर्षांवरच्या मुलामुलींसाठी अनुदानित कार्यशाळा असतात, तिथं कागदी पिशव्या, मेणबत्त्या, उदबत्त्या असं काम शिकवतात. तुमच्या जवळ अशी सोय कुठे आहे ते जिल्हा परिषदेतल्या दिव्यांगांच्या योजना बघणाऱ्या कार्यालयात विचारा. तिला रोज घराबाहेर पडायला एक जागा मिळणं आणि आईला दुपारचे चार तास मोकळे मिळणं, याची किंमत माझ्या मते महिन्याच्या पगारापेक्षा जास्त आहे.

आता जे कुणी सांगत नाही ते. तुमची बहीण 18 वर्षांची झाली त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीनं आई-वडील तिचे पालक राहिलेले नाहीत. ती सज्ञान आहे. तिच्या नावानं बँकेत खातं उघडायचं, पैसे काढायचे, एखाद्या कागदावर सही करायची तर ती कुणी करायची? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. ती कायदेशीर पालक नेमते. आई-वडील अर्ज करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. वर सांगितलेले चारच गट त्यात येतात. आज आई-वडील हयात आहेत तेव्हा अर्ज त्यांच्या नावानं केलेला बरा. पुढे तुमचं नाव लागेल तेव्हा हे लक्षात ठेवा: पालकानं नेमणुकीपासून सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब.

हिशेबाचं मुद्दाम लिहिलं. तुमच्या पत्रात चार एकरांचा उल्लेख दोनदा आला आहे, दोन्ही वेळा "आम्हा दोघा भावांची" असा. दादा, वडलांच्या पश्चात वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचंही नाव लागेल, ती मुलगी आहे. मग पीककर्ज असो, वाटणी असो, तिच्या सहीशिवाय अडेल, आणि सही करायला कायदेशीर पालक नसेल तर सगळंच अडेल. बहिणीकडून हक्कसोड घेऊन मोकळं व्हायची जी आपल्याकडची रीत आहे ती इथं चालत नाही. तिचा हिस्सा कसा राखायचा, त्याचं उत्पन्न तिच्यावर कसं खर्च व्हायचं, हे वडील असतानाच बसून ठरवा. जमलं तर वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या.

आणि याच ठिकाणी सोयरिकीचा प्रश्नही येतो. आईला वाटतं कागद झाला की लोकांना कळेल. पण मुलीकडचे आधी गावात चौकशी करतात, पारावर करतात, शेजारणीला विचारतात. बहिणीबद्दल गावाला माहीत आहे, कार्ड असो वा नसो. कार्ड काही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावत नाहीत. येणाऱ्या मुलीला खरी धास्ती वेगळीच असते: सासूचं वय झालं की ननंदेची अंघोळ-पांघोळ आपल्याच गळ्यात. तिला जर सांगता आलं, की विमा आहे, तिचा हिस्सा तिच्या नावावर आहे, पालक म्हणून थोरल्या दिराचं नाव ठरलेलं आहे, दिवसा ती कार्यशाळेत जाते, तर त्या मुलीला निदान विचार करता येईल. लपवून जमलेलं लग्न पहिल्या फिटला उघडं पडतं. बघायला पाहुणे येतील तेव्हा बहिणीला मागच्या खोलीत बसवू नका.

वडलांचं. ते मानी आहेत, मला त्यांचा राग येत नाही. पण त्यांच्या खात्यात किसान सन्मानचे वर्षाला सहा हजार येतात ना? नमो शेतकरीचे आणखी सहा? पत्रात तुम्हीच लिहिलंय, आईला लाडकी बहीणचे पैसे येतात. ते घेताना कुणाला दारात उभं राहिल्यासारखं वाटलं नाही. जमीन असलेल्याला शेतकरी म्हणून मिळतं, बाईला बाई म्हणून मिळतं, मग लेकीला तिच्या अडचणीसाठी मिळालं तर कमीपणा कसला? हे त्यांना तुम्ही सांगू नका, तुमच्या तोंडून ते उलट उत्तर वाटेल. गावात त्यांच्याच दिंडीतला कुणी असेल ज्याच्या घरी असं कार्ड आहे, त्याला दोघांच्या चहात बसवा. आणि पगाराचा विषय सध्या काढूच नका. "तिच्या औषधाचा विमा काढायचा आहे, त्याला कार्ड लागतं," एवढंच म्हणा. ते खोटंही नाही.

कार्ड आल्यावर उत्पन्नाचा दाखला खरोखर मर्यादेत बसत असेल, तर निराधारचा अर्ज जरूर करा. तहसीलला संगायोच्या, म्हणजे संजय गांधी योजनेच्या, टेबलावर किंवा सेतूत. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर 2025 पासून दीड हजारांवरून अडीच हजार झाली आहे, आणि अडीच हजार म्हणजे तिच्या नावाचे, तिच्या खात्यातले. आईच्या नावावर लाडकी बहीण आहे म्हणून तिचं अडणार नाही. एकाच बाईच्या नावावर दोन्ही चालत नाहीत, एवढंच. खातं आधारशी जोडलेलं ठेवा, बहुतेकांचे पैसे तिथंच अडकतात.

याच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, पूर्वी सात होते. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्सही येतात. "आमचं अपंगात बसत नाही" म्हणून घरी बसलेल्यांनी एकदा यादी बघावी. व्हीलचेअर, श्रवणयंत्र, तीनचाकी अशा साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. महिन्याला 22,500 रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत, शिबिराच्या तारखेवर लक्ष ठेवा. लहान मूल असेल तर मोठं होईपर्यंत वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथं पालकांना हवं तिथं. आणि ज्यांचे आई किंवा वडील सरकारी नोकरीत आहेत, अशा घरांनी कार्यालयात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दिव्यांग मुलाचं नाव आत्ताच नोंदवून ठेवावं. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते आयुष्यभर मिळू शकतं.

दादा, पोर्टलवर अर्ज भरताना एक काळजी घ्या. शाळेच्या दाखल्यावर बहिणीचं नाव एक आणि आधारवर दुसरं असेल, तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. चौथीत शाळा सुटलेल्या मुलींच्या जन्मतारखा मास्तरांनी अंदाजानं, बहुतेक 1 जून अशा टाकलेल्या असतात. कार्डावर जी तारीख जाईल तीच पुढे विम्यात, बँकेत आणि पालकत्वाच्या अर्जात लागेल, म्हणून सगळीकडे एकच ठेवा.